बारावीचं मानसशास्त्र: ओळखीच्या शब्दांपासून जपा

मी औसा तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. लातूर म्हटलं की लोकांना नीटचे क्लास आठवतात, माझ्यासमोर मात्र कला शाखेची लेकरं असतात. दर जूनमध्ये कुणीतरी सांगतंच, "मॅडम, सोपा आहे म्हणून हा विषय घेतला." भावना, ताण, बुद्धी, व्यक्तिमत्त्व हे सगळे शब्द ओळखीचे. ओळखीचे आहेत म्हणून पोरं मनानं उत्तर लिहितात आणि मार्क तिथंच जातात.

म्हणून आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पान मधोमध दुमडा. डावीकडे तो शब्द आपण घरात कसा वापरतो ते लिहायचं, उजवीकडे पुस्तकातला अर्थ. 'वेदन' घ्या. घरी वेदना म्हणजे दुखणं. मानसशास्त्रात वेदन म्हणजे ज्ञानेंद्रियानं उद्दीपक (स्पर्श, आवाज, उजेड असं काहीही) टिपणं, आणि टिपलेल्याला अर्थ लावणं म्हणजे संवेदन. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला शेतात गेलात आणि पायाला गार, लांब काही लागलं, हे वेदन. 'साप!' असं मनानं ठरवलं, हे संवेदन, मग बॅटरी लावल्यावर तो ठिबकचा पाइप निघाला तरी. असं आपल्या रानातलं उदाहरण प्रत्येक शब्दाला शोधा. गाईडमधलं उदाहरण वर्गातल्या निम्म्या पेपरांत असतं.

पाठांतराबद्दल आपल्याच विषयानं सांगितलंय ते ऐका. हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेले अक्षरगट पाठ करून, आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो, पुढे तो मंदावतो. म्हणजे सकाळी शिकलेलं त्याच संध्याकाळी परत काढायला हवं, दिवाळीनंतर नाही. परत काढायचं म्हणजे पुस्तक उघडून रेघा मारायच्या नाहीत. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मग उघडून लाल पेनानं राहिलेलं भरा. 2006 मध्ये रोडिजर आणि कार्पिकी यांनी दाखवलं की, आठवड्यानंतर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना जास्त आठवतं. सुरुवातीला कागद निम्मा कोरा राहतो. राहू द्या, घाबरू नका.

सनावळी थोडीच आहे. वुंट यांची लाइपझिगची प्रयोगशाळा 1879, बिने-सायमन यांची चाचणी 1905, गार्डनर यांची बहुविध बुद्धिमत्ता 1983. बुद्धिगुणांकाचं सूत्र, मानसिक वय (मूल चाचणीत ज्या वयाच्या मुलांइतकं करतं ते वय) भागिले प्रत्यक्ष वय गुणिले 100, दहा वर्षांच्या आणि बारा मानसिक वयाच्या मुलावर एकदा सोडवलं की डोक्यात बसतं: 120.

मानसिक विकारांच्या प्रकरणाला मात्र जास्तीत जास्त वेळ द्या. माझं माहेर किल्लारीजवळचं. 30 सप्टेंबर 1993 ला गणपती बोळवून गाव झोपलं होतं, आणि पहाटेच्या भूकंपात दगडी भिंतींची, मातीच्या माळवदांची घरं माणसांवर पडली. माझी आई अजूनही पावसाळा सोडला तर अंगणात झोपते. जड ट्रक गेला की उठून बसते. मी शिकवायला लागले त्या वर्षी एका मुलीनं उत्तरात लिहिलं होतं, "भूकंपामुळे लोक वेडे झाले." मी तो पेपर घरी आणला आणि कितीतरी वेळ तसाच धरून बसले.

ते उत्तर असं लिहायचं: आघातोत्तर ताण विकृतीत तो प्रसंग मनात किंवा स्वप्नात पुन्हापुन्हा येतो, त्याची आठवण देणाऱ्या जागा माणूस टाळतो, झोप उडते, लहानशा आवाजानं दचकतो, आणि हे महिन्याहून जास्त टिकून रोजच्या जगण्यात अडथळा आणतं. लक्षणं, कालावधी, परिणाम: या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. आणि निदान करणं तुमचं काम नाही. माझ्या आईला तो विकार आहे असं मीही म्हणत नाही, तिला तपासलेलंच नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागं आजीजवळ राहणाऱ्या मैत्रिणीवर 'डिप्रेशन'चं लेबल लावू नका, तिच्याजवळ बसा. धडा वाचताना स्वतःच्याच घालमेलीनं झोप लागेनाशी झाली, तर मला किंवा कुठल्याही शिक्षकाला सांगा. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रात्यक्षिकाची वही मैत्रिणीची बघून उतरवू नका. 1935 चा स्ट्रूप यांचा प्रयोग घरी होतो: हिरव्या पेनानं 'लाल', निळ्यानं 'हिरवा' असे वीस शब्द लिहा आणि धाकट्या भावाला शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावा. दुसऱ्या यादीत शब्द आणि शाई एकच ठेवा. मोबाइलवर दोन्हींची वेळ मोजा. आपण मुद्दाम बदललं ते काय, त्यामुळे बदललं ते काय, हे वहीत वेगळं लिहा. भावाला आधी विचारा, नको म्हणाला तर दुसरं कुणी शोधा. आणि आकडे पुस्तकाप्रमाणे आले नाहीत, म्हणजे पहिल्या यादीला जास्त वेळ लागला नाही, तर खोडायचं नाही. टीव्ही चालू होता, तो दमलेला होता, जे घडलं ते खाली लिहायचं.