नळीबाहेर वाफ की हीटर? हे आधी ठरवा, मग गणित मांडा

वरुड-मोर्शीकडचं संत्र्याच्या रसाचं छोटं युनिट असो की गावातलं दूध संकलन केंद्र, धुण्याला गरम पाणी लागतंच. ते तापवायला नळीभोवती वाफेचं जाकीट असतं, नाहीतर विजेचा पट्टी-हीटर गुंडाळलेला असतो. वाफ असेल तर भिंतीचं तापमान ठरलेलं असतं. हीटर असेल तर भिंतीतून आत शिरणारी उष्णता ठरलेली असते. सगळा फरक इथूनच पडतो.

स्टेनलेस स्टीलची नळी घ्या: आतला व्यास 20 मिमी, लांबी 2.4 मीटर, म्हणजे आतलं क्षेत्रफळ 0.15 चौ.मी. तासाला 600 लिटर पाणी, आत येताना 28 अंश. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळखळता हे सांगणारा आकडा) सुमारे 13,000, म्हणजे प्रवाह खळखळता. खळखळत्या प्रवाहासाठीच्या डिटस-बोल्टर सूत्राने उष्णता-गुणांक (भिंतीकडून पाण्यात उष्णता किती सहज जाते तो आकडा) साधारण 2,750 वॅट प्रति चौ.मी. प्रति अंश येतो. बाहेर 100 अंशांची वाफ असेल तर पाणी 60 च्या आसपास निघतं. 3 किलोवॅटचा हीटर असेल तर पाणी जेमतेम 4.3 अंश तापतं आणि भिंत त्याच्याहून 7 अंश वर राहते.

आता बोअरच्या पाण्याने आतून 1 मिमी क्षार धरला असं समजा. खारपाणपट्ट्यात तर हे गृहीतच धरावं. क्षाराची उष्णता-वाहकता 1 वॅट प्रति मीटर प्रति अंश मानली, तर वाफेच्या नळीतून पाणी 39 अंशांवरच निघतं. बिघाड लगेच कळतो. हीटरच्या नळीत पाणी पूर्वीइतकंच तापतं, धातू मात्र आणखी 20 अंशांनी चढतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं थर्मामीटर काहीच सांगत नाही! म्हणून हीटरच्या नळीला थर्मोस्टॅट पाण्यात नको, शेवटच्या टोकाला धातूवर बसवा.

पाणी तासाला 60 लिटरवर आलं की प्रवाह संथ होतो. नळीत पूर्ण स्थिरावलेल्या अशा प्रवाहात नुसेल्ट अंक (उष्णता-गुणांक यावरूनच निघतो) भिंतीचं तापमान स्थिर असेल तर 3.66, उष्णता स्थिर असेल तर 4.36. त्याच हीटरवर आता भिंत आणि पाणी यांत हिशेबाने 140 अंशांचा फरक निघतो. आखूड नळीत तो प्रत्यक्षात कमी असतो, तरी भिंतीलगत पाणी उकळू लागतं. प्रवाह थांबला तर वाफेची भिंत 100 वर थांबते, हीटरची चढतच जाते. फ्लो स्विचशिवाय (प्रवाह थांबला की वीज तोडणारं बटण) हीटर चालू करू नका.

आपली नळी कोणत्या जातीची हे बघायला सुरुवातीला, मधे आणि शेवटी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ॲल्युमिनियम टेपने घट्ट चिकटवा, वरून ग्लासवूल गुंडाळा. जाकीट असेल तर दोन टोकांच्या उघड्या भागावर आणि जाकिटाच्या कवचावर लावा. हीटरच्या नळीत आकडे पाण्याबरोबर सरळ चढतात. जाकिटाच्या कवचावर सगळीकडे ते जवळपास सारखे यायला हवेत. एखादी जागा थंड दिसली तर खाली तुंबलेलं पाणी किंवा अडकलेली हवा असते. स्टीम ट्रॅप (पाणी काढणारा) आणि एअर व्हेंट (हवा काढणारा) तपासा. वाफेऐवजी उलट दिशेने गरम पाणी फिरवत असाल आणि दोन्हीकडचा प्रवाह सारखा असेल, तर दोन्ही पाण्यांच्या तापमानातला फरक सगळीकडे सारखा राहतो. तेव्हा नळी हीटरच्या जातीचीच धरा.

आत येणाऱ्या पाण्याचं तापमान मोजूनच घ्या. मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी दुपारी 40 च्या वर असू शकतं, डिसेंबरच्या पहाटे तेच 20 च्या खाली. क्षार काढायला 5 टक्के सायट्रिक ॲसिड, 50-60 अंशांवर, फेस थांबेपर्यंत फिरवा आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. मिठाचं ॲसिड (हायड्रोक्लोरिक) घालू नका, त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेस स्टीलला खड्डे पडतात.