खोडवा खुजा राहतोय? आधी ऊस चिरून बघा

लागणीचा ऊस झकास आला, पण खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेलं पीक) मात्र बुटका आणि बारीक. असं झालं की आपण युरियाची आणखी एक गोणी टाकतो. ती टाकण्याआधी धारदार चाकू घेऊन फडात जा. हा ‘खोडवा खुजेपणा’ नावाचा रोग असू शकतो. लायफसोनिया झायली हा जिवाणू उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहून त्या चोंदवतो. पानावर डाग नाही, पट्टा नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं बेण्यातून, म्हणजे लागणीच्या उसाच्या तुकड्यांतून, फिरतो.

पक्व ऊस घ्या, बुडाकडच्या गाठी निवडा. साल तासून गाठीतून उभा पातळ काप घ्या आणि लगेच उन्हात धरा. नारिंगी-लाल टिंबं दिसतात, काही स्वल्पविरामासारखी वाकडी. ती गाठीतच थांबतात, दोन गाठींमधल्या कांडीत उतरत नाहीत. हीच खरी खूण. कांडी आतून लाल, मध्ये पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास असेल तर ती लाल कूज, म्हणजे बुरशी. जवळ भोक दिसलं तर लाली किडीची.

एका उसावर निकाल देऊ नका, फडाच्या चारही कोपऱ्यांतले ऊस चिरा. काही जातींत टिंबं दिसतच नाहीत, तेव्हा टिंब नाही म्हणून रोग नाही असं समजू नका. शंका असेल तर कारखान्याच्या शेतकी विभागाला विचारून नमुना प्रयोगशाळेत पाठवा. तिथे खालच्या कांड्यांतला रस सूक्ष्मदर्शकाखाली किंवा पीसीआरने (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) तपासतात.

आता माग काढा. वहीत गट नंबर, जात, लागणीची तारीख, बेणं कुणाच्या फडातलं आणि तोडणीची टोळी आधी कुठे होती (रोग कोयत्यावरूनही येतो), एवढं लिहा. मग त्या बेणेमळ्यात जाऊन तिथल्याही गाठी चिरा. तिथलं बेणं आणखी कुणी नेलं, त्यांना आजच फोन करा. संकोच वाटतो, पण सांगितलं नाही तर ते पुढच्या लागणीला तेच बेणं वापरतील.

उभ्या पिकाला फवारणीने गुण येत नाही. त्या फडातलं बेणं वापरू नका. नव्या बेण्याला ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २ तास प्रक्रिया लागते. चुलीवरच्या पातेल्यात हे करू नका: पाणी जास्त तापलं तर बेण्याचे डोळे (जिथून कोंब फुटतात ते) मरतात, कमी तापलं तर जिवाणू जगतो. कारखान्याची किंवा संशोधन केंद्राची यंत्रणा गाठा. आणि बेणं तोडताना दोन कोयते ठेवा, एक हातात, दुसरा जंतुनाशकात बुडवलेला. फड बदलला की कोयता बदला.