‘पद्मावत’ वाचायला घेताना

सूफी प्रेमकाव्य मुळातून वाचायचं तर मलिक मुहम्मद जायसीच्या अवधी ‘पद्मावत’पासून सुरुवात करावी. चितोडचा राजा रत्नसेन हिरामण पोपटाकडून सिंहलच्या पद्मावतीचं (पद्मिनीचं) वर्णन ऐकतो आणि पत्नी नागमतीला मागे ठेवून, जोगी होऊन तिच्या शोधात निघतो, ही त्याची कथा. मौलाना दाऊदचं ‘चांदायन’ (१३७९) जुनं खरं, पण ते तुटक हाती येतं. ‘पद्मावत’ला वासुदेवशरण अग्रवालांची भरघोस हिंदी टीका (अर्थविवरण) आहे, आणि पहिल्या वर्षी मराठी वाचकाला तिच्याशिवाय चालत नाही.

रामचंद्र शुक्लांची आवृत्तीही जवळ ठेवा, मात्र तिच्या उपसंहारातल्या ‘तन चितउर, मन राजा कीन्हा’ या कडवकापासून (पद्यखंडापासून) जपून. चितोड म्हणजे देह, रत्नसेन म्हणजे मन, पद्मिनी म्हणजे बुद्धी, हिरामण पोपट म्हणजे गुरू, नागमती म्हणजे दुनियेचा व्याप. एवढी आयती किल्ली मिळाली की नवखा वाचक सगळं काव्य तिनंच उघडायला जातो. माताप्रसाद गुप्तांनी हस्तलिखितं ताडून हे कडवक प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेलं, ठरवलं आहे. कडवक अस्सल धरलं, तरी कथेला बसत नाही. नागमती नुसता व्याप असेल, तर काव्यातला सगळ्यात हृद्य भाग कवीनं तिच्या तोंडी का घातला? जायसीचं म्हणणं एका अर्धालीत (दोन चरणांच्या ओळीत) आहे: ‘मानुष पेम भएउ बैकुंठी। नाहिं त काह छार भरि मूठी॥’ माणसाचं प्रेमच वैकुंठाचं होतं. ते नसेल तर माणूस म्हणजे मूठभर राख. इश्क-ए-मजाजी (माणसाचं प्रेम) टाकून इश्क-ए-हकीकीकडे (ईश्वरी प्रेमाकडे) जाता येत नाही, ते असं.

म्हणून प्रत्येक पात्राला अर्थ चिकटवण्यापेक्षा दैवी प्रेम कुठे डोकावतं त्या जागा टिपून ठेवा. मानसरोवराच्या प्रसंगात पद्मावतीच्या डोळ्यांतून कमळं होतात, हसण्यातून हंस, दातांच्या तेजातून हिरे. तिथे ती नायिका राहत नाही, सृष्टीच तिचं प्रतिबिंब होते. महादेवाच्या देवळात ती समोर येते आणि रत्नसेन नेमका तेव्हाच बेशुद्ध पडतो: जोगी झाला, पण दर्शन पेलण्याची तयारी नव्हती. सिंहलगडाला नऊ दरवाजे आणि दहावा गुप्त, ही देहाला नऊ उघडी द्वारं आणि दहावं गुप्त मानणारी नाथपंथी कल्पना. ‘ज्ञानेश्वरी’चा सहावा अध्याय वाचलेल्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वाचन मोठ्यानं करा. बनारसीदासाच्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात (१६४१) तो आग्र्याला रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मिरगावती’ ही प्रेमकाव्यं वाचे आणि दहा-वीस माणसं ऐकायला जमत, असं आहे. ही काव्यं कानांसाठीच. जायसीच्या कडवकात सात अर्धाल्या आणि शेवटी दोहा. चौपाईच्या चरणाला १६ मात्रा. मराठी वाचक अडखळतो तो ए-ओवर, कारण अवधीत ते ऱ्हस्वही असतात. ‘गढ़ तस बाँक जैसि तोरि काया’ मराठी सवयीनं मोजलं तर १७ भरतात. ‘तो’ आखूड म्हटलं की १६. एका बैठकीला पाच-सहा कडवकं पुरेत.

आरंभीच्या स्तुतिखंडापासून सुरू करू नका. ईश्वर, पैगंबर, चार खलिफा, शेरशहा, पीर असा मसनवीचा (फारसी कथाकाव्याचा) रिवाज तिथे आहे आणि निम्मे वाचक तिथेच गळतात. आधी नागमतीचा बारमास, म्हणजे महिन्यागणिक गायलेलं विरहगीत, घ्या; तो आषाढात सुरू होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर पालटतो, त्यामुळे तिचा आषाढ आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधीच लागतो. ती भुंग्याला आणि कावळ्याला निरोप देते: तुमची धनीण विरहात जळाली, तिच्या धुरानं आम्ही काळे झालो, असं प्रियाला सांगा. ‘पैल तो गे काऊ’ आठवणारच. पण ज्ञानदेवांची विरहिणी म्हणजे भक्त आणि प्रियकर म्हणजे देव. सूफी प्रेमाख्यानात साधक पुरुष आणि जिच्यासाठी तो जोगी होतो ती स्त्री. हा फरक विसरून अभंगाच्या चालीनं अर्थ लावला की रत्नसेनाचा प्रवास उलटा वाचला जातो. त्यात बारमासात तर पत्नीच झुरते आहे, तेव्हा एकाच काव्यात दोन्ही दिशा आहेत. कव्वालीतल्या अमीर खुसरोच्या नावावरच्या हिंदवी रचना ऐकताना पुन्हा जागा बदलावी लागते. तिथे मुरीदच (पीराचा शिष्यच) नवरी होतो.

पुढचं पुस्तक मंझनचं ‘मधुमालती’ (१५४५). तिथे कडवकाला पाचच अर्धाल्या आहेत. मग तीच कथा विजापुरात नुस्रतीनं दखनीत कशी सांगितली ते ‘गुलशन-ए-इश्क’मध्ये (१६५७) पाहा. त्यासाठी उर्दू लिपी मात्र आधी शिकून घ्या.