नदीकाठच्या गावाची मूळ वस्ती कुठे होती ते कसं शोधायचं

गावाचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण आधी "स्थापना कधी झाली" याच्या मागे लागतात. महाराष्ट्रातलं नदीकाठचं गाव असेल तर माझं म्हणणं, आधी जागा शोधा, साल नंतर बघू.

पावसाळा संपला की नदीवर जा आणि म्हाताऱ्या माणसांना दोनच गोष्टी विचारा, मोठा पूर कुठपर्यंत चढायचा आणि पूल नव्हता तेव्हा नदी कुठून ओलांडायचे. अशा उताराच्या, म्हणजे नदी चालत ओलांडायच्या जागी पात्र पसरट असतं, खाली खडक असतो, गाड्या तिथूनच जायच्या, आणि त्याच्या आसपास पुराच्या वर राहणारं टेकाड दिसलं तर जुनी वस्ती बहुतेक तिथेच.

आता माती बघा, यात घाई नको. शेतातली काळी आणि गावठाणाची पांढरी यांच्यातला फरक डोळ्यांना कळतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख आणि पडलेल्या भिंतींची माती तिथे साचलेली असते. धुपलेल्या कडेला खापरं दिसतील. तांबड्या खापरावर काळी नक्षी असेल तर ती जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतीच्या काळातली असू शकतात, म्हणजे थेट तीन हजार वर्षं मागे! फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पण प्लीज उकरू नका आणि घरी नेऊ नका, थर हलले की पुरावा गेला, पुरातत्त्व विभागाला कळवा. घोड नदीवरच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ नीट थराथराने खणलं म्हणून तर तिथली घरं आणि पाण्याचा पाटसुद्धा आज आपल्याला माहीत आहे.

कागद त्यानंतर. भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा नकाशा घ्या, जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर वाचा, नकाशावर वेशी, कसबा आणि पेठा वेगळ्या रंगाने भरा, कसबा सहसा जुना असतो, पेठा मागाहून वसवलेल्या.

कागदातलं साल मिळालं की लगेच तीच स्थापना धरू नका. पुण्याचंच बघा, १६३०च्या सुमारास आदिलशाही फौजेने गाव उद्ध्वस्त केलं, मग जिजाबाई आणि दादोजी कोंडदेवांच्या काळात सोन्याचा नांगर फिरवून ते पुन्हा वसवलं असं सांगतात, पण राष्ट्रकूटांच्या ७५८च्या ताम्रपटात पुण्याच्या परिसराचा उल्लेख आधीच आहे. म्हणून वहीत तीन रकाने करा, पहिला लेखी उल्लेख, पुन्हा वसवल्याचं साल आणि जमिनीवर सापडलेला सगळ्यात जुना पुरावा, आणि प्रत्येकासमोर ते कुठून कळलं तेही लिहा.