या चुका टाळा : 'बीजाणू' शब्द एक, प्रकार तीन

जून महिन्यात मी पहिल्यांदा घरी धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) २० पिशव्या भरल्या. भाताचा पेंढा ८० अंशांच्या वर तापलेल्या पाण्यात तासभर बुडवून ठेवला होता, बियाणं ताजं होतं, हात स्वच्छ होते. तरी आठव्या दिवशी १४ पिशव्यांवर हिरवे डाग उठले आणि त्या सगळ्या लांब नेऊन पुराव्या लागल्या. कारण लक्षात यायला पुढचा हंगाम उजाडला. ज्या पडवीत पेंढा निथळायला पसरला होता, तिथेच आठवडाभर आधी आम्ही हळदीच्या बेण्याला ट्रायकोडर्माची भुकटी चोळली होती. ती भुकटी म्हणजे बुरशीचे जिवंत बीजाणूच, म्हणजे ज्यातून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण. ते जमिनीवर, भिंतीवर, आमच्या कपड्यांवर बसून होते. ऊनऊन ओला पेंढा समोर आल्यावर त्यांना आणखी काय हवं?

हळदीची कंदकूज रोखायला मदत करणारी बुरशी अळिंबीच्या पिशवीत शत्रू होते. म्हणून पहिली चूक जागेची. ही दोन्ही कामं एका छपराखाली करू नका. पेंढा झाकून थंड करा, पिशव्या भरण्याआधी कपडे बदला आणि हिरवी झालेली पिशवी खोलीत उघडू नका. ती उघडली की उरलेल्या पिशव्याही गेल्या असं समजा.

बीजाणू बुरशीचे असतात, काही जिवाणूंचे असतात आणि काही वनस्पतींचेही. त्यातले बुरशीचे बीजाणू हे पसरण्याचं साधन आहे. एका पाव-तुकड्यावरच्या बुरशीतून ते अगणित निघतात. अनेकांचा आकार मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढा, त्यामुळे ते हवेत तरंगत राहतात. भिंतीवरची काळी बुरशी कोरड्या झाडूने झटकणं म्हणजे ती घरभर पेरणं. आधी फडक्याने ओली करा, तोंडाला मास्क लावा, मग पुसा. ओल जिथून येते ती गळती बुजवली नाही, तर पुसलेलं चार दिवसही टिकत नाही. पावाचा हिरवा कोपरा कापून बाकीचा खाण्यातही हीच गफलत आहे. हिरवा दिसतो तो बीजाणूंचा थर, बुरशीचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात. बुरसटलेले शेंगदाणे तर भाजूनही वापरू नयेत. त्यावरच्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजण्याने पुरतं जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात असाच बुरसटलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली.

ट्रायकोडर्मा वापरणाऱ्यांनी एक जपावं. बेण्याला कार्बेन्डाझिम लावून लगेच वर ट्रायकोडर्मा चोळू नका. कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्माही शेवटी बुरशीच, त्याला मित्र-शत्रू कळत नाही. पुडा उन्हात ठेवू नका. कोरड्या मातीत भुकटी टाकली तर बीजाणू रुजत नाहीत, म्हणून ती ओलसर शेणखतात मिसळून सावलीत झाकून ठेवायची आणि मग शेतात द्यायची.

आता जिवाणूंकडे वळू. सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथेच होतात. काही जिवाणूंचा बीजाणू हा प्रजननासाठी नसतोच. एका पेशीचा एकच बीजाणू होतो आणि त्यातून पुन्हा एकच पेशी बाहेर येते. तो आहे निवारा. अन्न संपलं की पेशी आपला जनुकीय ऐवज आत घेते, आतलं पाणी कमी करते आणि भोवती जाड वेष्टनं चढवते. असा बीजाणू उकळत्या पाण्यातून जिवंत बाहेर येऊ शकतो आणि हाताला लावायच्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरलाही दाद देत नाही. हातावरून तो घालवायचा तर साबण आणि वाहतं पाणी. त्याला मारायला प्रयोगशाळेत दाबाखालची १२१ अंशांची वाफ साधारण १५ मिनिटं देतात. शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांना १८७०च्या दशकात वाळलेल्या गवताचा काढा उकळूनही पुन:पुन्हा नासलेला दिसला. त्यांनी तो थांबून थांबून तापवला. मधल्या वेळात बीजाणू रुजतात आणि रुजलेली कोवळी पेशी पुढच्या उष्णतेत मरते, हे त्यातून उमगलं.

म्हणून 'शिजलं म्हणजे निर्जंतुक झालं' हे मनातून काढा. सकाळचा भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवून फोडणीला टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तांदळावर बॅसिलस सेरियसचे बीजाणू असू शकतात. ते शिजण्यातून वाचतात, कोमट भातात रुजतात आणि त्यांची वाढ झाली की काही प्रकार उलट्या घडवणारं विष तयार करतात. ते विष फोडणीने, परतण्याने जात नाही. टिंडलचा उपाय इथे चालत नाही तो यामुळेच: पुन्हा तापवल्यावर जिवाणू मरतील, विष तसंच राहील. उरलेला भात परातीत पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात त्याहून लवकर.

मधाबद्दल मी हात जोडून सांगते. तान्ह्या बाळाला मधाचं बोट चाटवायची, सोनं मधात उगाळून द्यायची रीत मायेपोटी आली आहे, हे मला ठाऊक आहे. पण मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथेच विष तयार करतात. मध घरचा असो, जंगलातला असो वा गरम केलेला, वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊ नका. बाळाला शी होत नाही, रडणं क्षीण झालंय, दूध ओढत नाही, अंग लुळं पडलंय असं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि मध चाटवला असेल तर न लाजता सांगा. याच जिवाणूमुळे सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नये. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणा नसतो, आणि त्याला नेमकं तेच मानवतं. कैरीचं लोणचं टिकतं ते मुख्यतः मिठाने आणि आंबटपणाने.

वनस्पतींचे बीजाणू सहसा निरुपद्रवी, तरी तिथेही हात चुकतो. नेच्याच्या (फर्नच्या) पानामागे तपकिरी ठिपके दिसले की लोक कीड समजून फवारतात. ठिपके ठरावीक ओळीत, सगळ्या पाळ्यांवर सारखे असतील तर ती बीजाणूंची कोठारं आहेत. खवले कीड मात्र कशीही विखुरलेली असते, देठावरही दिसते आणि नखाने सुटते. बीजाणूंच्या कोठारांचं पान पांढऱ्या कागदावर रात्रभर उपडं ठेवलं तर सकाळी तपकिरी भुकटीची नक्षी मिळते. ती पेरताना वर माती लोटू नका, बहुतेक नेच्यांच्या बीजाणूंना रुजायला उजेड लागतो. काही आठवड्यांनी नखाएवढे हिरवे, बदामाच्या आकाराचे पापुद्रे दिसतील. शेवाळ समजून ते खरवडू नका. नेच्याची ही वेगळी पिढी आहे. तिच्यातल्या नरपेशी पाण्याच्या थरातून पोहत मादीपेशीकडे जातात, म्हणून कुंडीवर काच ठेवा आणि पापुद्र्यांवर अधूनमधून उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब शिंपडा.