जनरेटर सुरू झाला तरी सेल्फ सुटत नाहीये? आधी बॅटरी काढा, बाकीचं नंतर

व्हॅनिटी व्हॅन असो नाहीतर फिरायला घेतलेली कॅरव्हॅन, जनरेटरने सेल्फ (इंजिनला फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) घेतला, इंजिन सुरू झालं, बटण सोडलं आणि तरी सेल्फ घरघरतोच आहे, तर स्टॉपचं बटण एकदा दाबा आणि सरळ बॅटरीकडे पळा, तिथेच दाबत बसू नका. स्टॉपने फक्त इंजिन बंद होतं, सेल्फचा करंट जाड केबलने थेट बॅटरीतून येतो. बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच असेल तर तो फिरवा, नसेल तर निगेटिव्ह केबल काढा. निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये असतील तर दोन्हींच्या काढा, बाहेरून लाइट घेतली असेल तर तो प्लगही. सेल्फ काही सेकंदांच्या कामासाठीच बनवलेला असतो, जास्त फिरला की आर्मेचर (आतली फिरणारी वाइंडिंग) तापून जळका वास सुटतो.

आता आठवा, इंजिन बंद पडल्यावर काय झालं? सेल्फ तरीही इंजिनला फिरवतच होता तर त्याला करंट मिळत राहिला, म्हणजे प्रॉब्लेम इलेक्ट्रिकल. इंजिनबरोबर आवाजही थांबला तर करंट आधीच गेला होता, सेल्फचा छोटा गिअर म्हणजे पिनियन इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये अडकून राहिला.

इलेक्ट्रिकलसाठी सोलेनॉइडची (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा स्विच) बारीक वायर, म्हणजे बटणाकडून येणारी सिग्नलची वायर काढा, टोकाला टेप मारा, डिझेल किंवा पेट्रोलचा पुरवठा बंद करा, फिरणाऱ्या भागांपासून हात लांब ठेवा आणि बॅटरी क्षणभर जोडून बघा. सेल्फ लगेच फिरला तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. गप्प राहिला तर सोलेनॉइड ठीक, सिग्नलच सुटत नाहीये. मग बॅटरी जोडलेली ठेवून टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला आणि टोक त्या वायरला लावा, बटण न दाबता लॅम्प पेटला तर आतल्या पॅनलचा स्विच, रिले, कंट्रोलर एकेक करून सोडवत जा, जिथे लॅम्प विझेल तिथे चोर. ऑटो स्टार्ट असेल तर अजून एक, इंजिन सुरू झालं हे कंट्रोलरला अल्टरनेटरच्या व्होल्टेज किंवा फ्रिक्वेन्सीवरून कळतं, ती सेन्सिंगची वायर निसटली की त्याला वाटतं अजून सुरूच व्हायचंय.

सोलेनॉइडवर हातोडीने ठोकलं की सुटतो हे खरंय, सेटवर वेळ मारून न्यायला ठीक, पण पुन्हा चिकटणार. आत तांब्याची गोल चकती दोन जाड बोल्टना एकदम टेकते, ती उघडून बघाल तर काळी आणि खड्डे पडलेली असते. हे होतं बहुतेकदा बॅटरी कमी पडल्यामुळे: व्होल्टेज खाली आला की चकती घट्ट बसत नाही, टक टक टक करते, प्रत्येक टकला ठिणगी, आणि शेवटी तांबं वितळून वेल्ड. म्हणून नुसता सोलेनॉइड बदलून काही उपयोग नाही. चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी बंद असताना साधारण १२.६ दाखवते, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा केबल बघाच. मुंबईत समुद्राकडे मढ, वर्सोवा साइडला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवं-पांढरं साचतं, चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट तर कोणी बघतच नाही, तो काढून सॅंडपेपरने चकचकीत करा.

पिनियन अडकत असेल तर सेल्फ उतरवा, बेंडिक्स (पिनियन पुढे-मागे सरकवणारा भाग) पेट्रोलने धुवा, स्प्रिंग बघा, रिंगचे दात चेपलेत का बघा. जाड ग्रीस अजिबात लावू नका, धूळ धरून परत जाम होतं. पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळून जातात, जुना सोबत न्या, रिले लॅमिंग्टन रोडला.

बसवल्यावर बॅटरीच्या केबलला एक माणूस पाना लावूनच उभा ठेवा आणि मग स्टार्ट मारा, दोनतीनदा, मध्ये दोन मिनिटं थांबून.