पोटरीत गोळा आला तर सहयोगी चेतापेशींना कामाला लावा

मध्यरात्री पोटरीत गोळा आला की आपण तेलाची बाटली शोधतो. चोळून बरं वाटतं, पण ते नंतर. आधी कामाला लावायचा तो पायाच्या पुढच्या बाजूचा, नडगीलगतचा स्नायू.

१. गुडघा सरळ करा. पोटरीचा वरचा स्नायू मांडीच्या हाडापासून सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकलेला असेल तर तो पुरता ताणला जात नाही.

२. चवडा नडगीकडे ओढा. हाताने नाही, पायाच्याच जोराने, हळूहळू. २०-३० सेकंद तसाच धरा. बोटं पुढे ताणलीत तर गोळा आणखी घट्ट होईल.

शाळेच्या पुस्तकात संवेदी, प्रेरक आणि सहयोगी असे चेतापेशींचे तीन प्रकार असतात. सहयोगी म्हणजे चेतापेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या. बहुतेकांच्या लक्षात राहतं ते एवढंच, आणि त्या काय करतात हे राहूनच जातं. तुम्ही चवडा उचलता तेव्हा मेंदूचा आदेश मेरुरज्जूत उतरतो. नडगीच्या स्नायूला तो ‘आवळ’ म्हणतो आणि त्याच वेळी काही सहयोगी चेतापेशींनाही जागं करतो. त्या ग्लायसिन नावाचं रसायन सोडून पोटरीच्या प्रेरक चेतापेशींना गप्प करतात. एक स्नायू आवळला की विरुद्ध बाजूचा सैलावतो, तो असा. शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन (नोबेल, १९३२) यांनी या परस्पर-निरोधाचा बारकाईने अभ्यास केला. पुढे जॉन एकल्स यांनी मांजराच्या मेरुरज्जूतल्या पेशींमध्ये तो विजेच्या भाषेत मोजला.

या पेशी बंद पडल्या तर काय होतं, हे धनुर्वातात दिसतं. त्याचं विष नेमकं ग्लायसिन आणि गाबा (हेही चेतापेशींना गप्प करणारं रसायन) यांचं स्रवणं अडवतं. मग दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळतात, जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. टिटॅनसची लस टाळू नका, हे जाता जाता.

३. वेदनेने चवडा उचलवतच नसेल तर तळव्याला पंचा अडकवून दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा. झटका देऊ नका.

४. गोळा सुटल्यावर चोळा, चार पावलं चाला.

वारंवार होत असेल तर झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणा. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांपुढच्या लोकांवरच्या एका चाचणीत, रोज रात्री पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणणाऱ्यांचे गोळे सहा आठवड्यांत कमी झाले. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्करांना फारसा उपयोग होत नाही, तरी दुकानात त्याच आधी हातात ठेवतात.

एकाच पायाला सूज, लाली किंवा गरमपणा असेल, पाय बधिर किंवा लुळा वाटत असेल, तर ताणत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. लघवी वाढवणारी किंवा कोलेस्टेरॉलची औषधं चालू असतील तर तेही त्यांना सांगा.